येळवंडे मामांची आगळीक

येळवंडे मामांना जी नोटीस गेली ती माझ्या हातची. सही वर्षाली मॅडमची, शिक्का कंपनीचा, पण शब्द माझे. चाकण एमआयडीसीत मोटारींसाठी पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी टाइम ऑफिसला क्लार्क आहे, नाव ज्योतीराम. मराठीत एम.ए. करून बार्शीहून मास्तर व्हायला निघालो होतो. मोशीत भाड्याने राहून हजेऱ्या मांडतोय त्याला बारा वर्षं झाली. कंपनीत कुठलाही मराठी कागद करायचा निघाला की हाक मला येते. निवृत्तीचं मानपत्र मी लिहितो, श्रद्धांजलीचा फलक मी लिहितो आणि नोटिसाही मीच लिहितो. कागद झकास उतरला की मला बरं वाटतं, मग तो कोणाच्या मुळावर का येईना. हा माझा दोष आहे आणि तो मला फार उशिरा कळला.

दत्तोबा येळवंडे, वय सत्तावन्न, राहणार निघोजे. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणते. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा ते तिशीच्या आत होते. ऐकणाऱ्याला लगेच वाटतं की आमची कंपनी त्यांच्याच शेतात उभी असणार. तसलं काही नाही. त्यांच्या शेतात आता कुठल्याशा गोदामाच्या गाड्या उभ्या राहतात आणि मामा तिकडे फिरकतही नाहीत. गावात घरोघरी बुलेट आल्या, मामा मात्र सायकलवर येतात, आणि सायकलला साखळी घालून पितळी कुलूप लावतात. गेटच्या आत, कॅमेऱ्याखाली, वॉचमनच्या नाकासमोर उभ्या केलेल्या सायकलला कुलूप! यावरून आम्ही त्यांची भरपूर टर उडवली आहे.

दुसरी त्यांची खोड म्हणजे पोच. कुठलाही कागद द्यायचा तर त्याच्या दोन प्रती आणायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा. एका दिवसाच्या रजेच्या अर्जाचीसुद्धा पोच! जमीन जाताना त्यांनी सरकारी कचेरीत हरकतीचा अर्ज दिला होता. तो आलाच नाही असं नंतर त्यांना सांगण्यात आलं. तेव्हापासून मामा माणसावर विश्वास ठेवतात, टेबलावर ठेवत नाहीत. "मामा, तुमच्या पोचा ठेवायला वेगळी खोली बांधली का?" असं मी विचारायचो. ते नुसते हसायचे आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारत उभे राहायचे.

आता सोमवारी काय झालं ते सांगतो.

आमच्याकडे चार नंबरची प्रेस आहे. कामगाराने पत्र्याचा तुकडा हाताने साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, मग वरून दोनशे टनांचा दाब येतो आणि भाग तयार होतो. मशीनच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सेन्सर बसवलेले आहेत. हात आत असेल तर दाब खाली येतच नाही. पण सेन्सरवर तेल उडालं की मशीन उगाचच अडतं, नग कमी निघतात, आणि नग कमी निघाले की सुपरवायझरचा फोन वाजायला लागतो. त्यामुळे कधीकधी सेन्सरची वायर काढून ठेवतात. असं करू नये हे सगळ्यांना माहीत आहे. करतात हेही सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवशी चार नंबरवर पुनम होती. लातूरकडची, कंत्राटी, येऊन दोन महिने झालेली. मामा शेजारच्या प्रेसवर. त्यांनी वायर लोंबताना पाहिली आणि सिद्धेशला, म्हणजे लाइनच्या सुपरवायझरला सांगितलं. सिद्धेश म्हणाला, बघतो. अर्ध्या तासाने मामांनी पुन्हा सांगितलं. सिद्धेश म्हणाला, "मामा, माल न्यायला गाडी लागलीय राव. एवढा लॉट जाऊ द्या." मामांनी आपली प्रेस बंद केली, बाहेर जाऊन सायकलचं कुलूप काढून आणलं, चार नंबरचा मेन स्विच खाली ओढला आणि त्याच्या दांडीला कुलूप घातलं. चावी खिशात टाकली आणि प्रेससमोर स्टूल घेऊन बसले.

मी हजेरीचा कागद घेऊन तिथेच पोचलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, आवाज कमी झाला की माणसं बिचकतात. आजूबाजूचे सगळे मान वळवून बघायला लागले.

"मामा, चावी द्या," सिद्धेश म्हणाला.

"वायर जोड, चावी घे."

"मेंटेनन्सला फोन केलाय ना."

"मंग तवर बसू की."

पुनम कोपऱ्यात उभी होती. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, माझ्यापायी कशाला करूलालात? मला काढून टाकतील." मामा तिला म्हणाले, "तुझ्यापायी न्हाई. तू गप उभी ऱ्हा."

पन्नास मिनिटं प्रेस बंद होती. वॉकीटॉकीवर आवाज चढत गेले, प्रॉडक्शनचे मोठे साहेब खाली आले, मामा उठले नाहीत. शेवटी मेंटेनन्सची माणसं आली. मला वाटलं, वायर जोडायला आली. त्यांनी ग्राइंडर आणला होता. पितळी कुलूप दहा सेकंदांत कापलं, मेन स्विच वर केला आणि पुनमला पुन्हा चार नंबरवर उभं केलं. वायर लोंबतच राहिली. मामांना दोन वॉचमननी गेटपर्यंत नेलं आणि ते कापलेलं कुलूप सायकलच्या कॅरिअरला अडकवून मामा घरी गेले.

मंगळवारी सकाळी वर्षाली मॅडमनी मला बोलावलं. मॅडम एचआरच्या मॅनेजर, वय तीस-बत्तीस, ताथवड्याला राहतात. त्या वाईट नाहीत. मराठी फर्डं बोलतात, पण शाळा इंग्रजी, त्यामुळे हाताने लिहिलेलं मराठी वाचायची वेळ आली की कागद माझ्याकडे सरकवतात. त्या म्हणाल्या, "ऑथॉरिटी नसताना मशीन लॉक केलं. आपल्या लिमिटच्या बाहेर गेले. याला एकच नेमका शब्द हवा, ज्योतीराम."

"आगळीक," मी म्हणालो.

"वा!" मॅडम म्हणाल्या, आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू?

नोटिशीत लिहिलं की येळवंडे यांनी गंभीर आगळीक केली आहे. गुरुवारी बारा वाजेपर्यंत त्यांनी माफीनामा द्यावा, अन्यथा चौकशी करून नोकरीतून कमी करण्यात येईल. सोबत माफीनाम्याचा छापील नमुना जोडला. तोही माझाच. 'माझ्याकडून पुढील आगळीक घडली' असं वर, मग सहा कोऱ्या ओळी, आणि खाली 'याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही.' त्या सहा ओळी कामगाराने स्वतःच्या अक्षरात भरायच्या असतात. तसा वकिलाचा सल्लाच आहे, नाहीतर उद्या कामगार म्हणेल कंपनीनेच लिहून घेतलं. लोक एवढी जागा असून 'माझी चूक झाली' एवढंच लिहितात आणि सुटतात.

बुधवारी मामा नोटीस घेऊन टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले. आत यायला त्यांना बंदी होती. मी बाहेर गेलो.

"ज्योतीराम, आगळीक म्हंजी काय रं? शिवी हाय का?"

"शिवी नाही हो मामा. आगळा म्हणजे जास्तीचा, पुढे गेलेला. एकाहून एक आगळा म्हणतो ना आपण, त्यातला. अग्र म्हणजे टोक, पुढचा भाग. त्यावरून आगळा आला असं शब्दकोशात दिलंय. जेवढं ठरलंय त्याच्या पुढे पाऊल टाकलं की ती आगळीक." कोणी शब्दाचं मूळ विचारलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. नोटीस समोर आहे, माणसाची नोकरी टांगणीला लागली आहे, आणि मी हौसेने व्युत्पत्ती सांगत होतो.

मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी आधी रेघ पायजे."

"कसली रेघ?"

"आमच्या रानाची मोजणी झाली तवा मोजणीवाल्यानं आधी हद्दीचा दगड दावला, आन मंग म्हनला, येळवंडे, तुमी चार हात पुढं हायसा. दगडच न्हाई तर पुढं कोन आन मागं कोन? ह्या नोटिशीत दगड कुठं हाय?"

मी त्यांना समजावलं की एवढा कीस काढू नका, दोन शब्द लिहा आणि सोडून द्या. दहा महिन्यांत ते निवृत्त होणार होते. आमच्याकडे निवृत्तीचा दिवस म्हणजे लग्नाहून कमी नसतो. गेटवर फ्लेक्स लागतो, हलगी वाजते, गुलाल उधळतात, घरचे पाहुणे ओवाळायला येतात आणि माणसाला उघड्या जीपमधून गावापर्यंत नेतात. चौकशीत निघालेला माणूस मात्र मागच्या छोट्या दाराने डबा घेऊन जातो. मामांनी हे दोन्ही खूप वेळा पाहिलं होतं.

"सा वळी हायती न्हवं हितं?" मामांनी नमुन्यावर बोट ठेवलं. "त्या म्या भरायच्या?"

"हो. तुमच्याच अक्षरात."

"मला अशा दोन परती दे."

त्या संध्याकाळी मामांच्या बायकोचा, अंबूबाईंचा, फोन आला. त्यांनी माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचं डोकं फिरलंया. दोन दिस जेवनाकडं लक्ष न्हाई, नुसतं लिवत्यात आन फाडत्यात. भाच्याची जीप सांगून ठिवलीया म्या पुढल्या सालाला. तुमचं ऐकत्यात. सही करायला लावा." मी म्हणालो, लावतो.

गुरुवारी सकाळी मी हजेरी घेत शॉपमधून गेलो. चार नंबरवर पुनमच होती. वायर तशीच लोंबत होती. पत्रा आत, हात आत, हात बाहेर, दाब खाली. पत्रा आत, हात आत. मी चालता चालता थांबलो. एकदा तिचा हात आत जरा रेंगाळला. काही झालं नाही. तिने कपाळाचा घाम बाहीला पुसला आणि पुढचा पत्रा उचलला. मला तिथे उभं राहवेना, मी ऑफिसात पळालो.

याच प्रेसवर चार वर्षांपूर्वी शेखर नावाच्या कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेव्हा कागद झाला, आणि चूक शेखरची ठरली.

पावणेबाराला मामा आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद. मॅडमनी त्यांना आत सोडायला सांगितलं. मॅडमच्या केबिनचं दार उघडं होतं आणि त्या फोनवर होत्या; दुपारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. मामांनी कागद माझ्या टेबलावर ठेवले.

"वाच," ते म्हणाले. "मंग शिक्का मार."

मी वाचलं. सहा ओळींत मजकूर मावला नव्हता, बारीक अक्षरात समासातून मागच्या पानावर गेला होता.

'एक. सोमवारी प्रेस नंबर चारच्या सेन्सरची वायर काढलेली होती. त्यावर पुनम काम करीत होती. हात आत असला तर प्रेस थांबली पाहिजे, ही कंपनीची रेघ आहे. तशी पाटी प्रेसवर लावली आहे. मी सुपरवायझरला दोन वेळा सांगितले. वायर जोडली नाही. मग मी मेन स्विच पाडून माझे कुलूप लावले. कुलूप लावणे मेंटेनन्सचे काम आहे, माझे नाही. ही माझी आगळीक. नंतर कुलूप कापून प्रेस तशीच चालू केली. सकाळी गेटवर विचारले, आज गुरुवारीही तशीच चालू आहे.

दोन. चार वर्षांपूर्वी शेखरची बोटे गेली तेव्हाही वायर काढलेली होती. मी जवळ होतो. कागदात लिहिले की शेखरने निष्काळजीपणे हात घातला. त्यावर मी साक्षीदार म्हणून सही केली. मी जे पाहिले त्याच्या पुढे जाऊन सही केली. ही पहिलीपेक्षा मोठी आगळीक.'

आणि खाली माझी छापील वाक्यं: याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही.

दुसरा मुद्दा मी पुन्हा वाचला. कारण शेखरचा तो कागद मी लिहिला होता. 'कामगाराने निष्काळजीपणे हात घातल्यामुळे' हे शब्द माझे होते. सहीच्या वेळी मामा माझ्या कानाशी लागून म्हणाले होते, "वायर काढल्याली हुती, त्ये बी लिव्ह की रं." आणि मी त्यांना सांगितलं होतं, "मामा, ते टेक्निकल आहे, आपल्या हद्दीतलं नाही." तेव्हा आठ वर्षं होऊनही माझी नोकरी कायम व्हायची होती. मामांनी माझ्याकडे पाहून सही केली होती.

माफीनाम्यात माझं नाव नव्हतं. मी पुन्हा पुन्हा शोधलं. 'कागदात लिहिले' एवढंच होतं. कोणी लिहिलं ते मामांनी सोडून दिलं होतं. खरं सांगतो, ते नाव तिथे असतं तर मला एवढं लागलं नसतं.

"मामा," मी हळू आवाजात म्हणालो, "हे तुमच्या अंगाशी येईल. जीप, हलगी, सगळं जाईल. दुसरा कागद देतो, दोन शब्द लिहा."

"आगळीक लिवा म्हनला, लिवली. खोटं हाय का ह्यात?"

"नाही."

"मंग शिक्का मार."

फोनवर हात ठेवून मॅडमनी आतून विचारलं, "ज्योतीराम, झालं का? दिला माफीनामा? ठीक आहे ना सगळं?"

कोणताही माफीनामा आधी मॅडमना वाचून दाखवायचा आणि मगच त्यावर शिक्का मारायचा, असा आमच्याकडे दंडक आहे. माझी हद्द तिथेच संपते, हे मला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला सहा मिनिटं कमी होती. बाहेर चार नंबरचा दाब खाली आल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. मामा माझ्याकडे बघत होते, चार वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसेच.

"ठीक आहे मॅडम. स्वतःच्या अक्षरात दिलाय," मी म्हणालो आणि दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. 'मिळाला', तारीख, वेळ, माझी सही.

मामांनी आपली प्रत उचलली, शाईवर फुंकर मारली, पिशवीत घातली आणि गेले. सायकलला कुलूप नव्हतंच, त्यामुळे ते लवकर निघाले. शेखर आता आळंदीच्या रस्त्याला झेरॉक्सचं दुकान चालवतो. मामा थेट तिथे गेले. शेखरने प्रती काढल्या आणि दुकान बंद करून कारखान्यांची सुरक्षा तपासणारी सरकारी कचेरी गाठली. मॅडमच्या फायलीत तो माफीनामा न वाचता पडून होता.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सरकारी अधिकारी आले. त्यांच्या हातात आमच्याच शिक्क्याचा कागद होता. अकरा वाजता चार नंबर थांबली, साडेअकराला वायर जोडली गेली. पुनमने मुद्दाम एकदा पत्र्याची पट्टी आत धरून पाहिली. प्रेस थांबली. ती एवढी हसली की सिद्धेशलाही तोंड फिरवून हसावं लागलं. पुनमची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण दुसऱ्या कुठल्याच कागदावर ते येणार नाही.

मामांना काढता आलं नाही. माफी मागितलेल्या माणसाला काढायचं तर ती माफी कशाची होती हे चौकशीत मोठ्याने वाचावं लागलं असतं. त्यांना भंगाराच्या शेडमध्ये टाकलं आहे. तिथे ते पत्र्याचे तुकडे वेगळे करत दिवस काढतात. फ्लेक्स आणि हलगीला कंपनी परवानगी देणार नाही असं आत्ताच कानावर आलं आहे. अंबूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग फोन करून म्हणाल्या, जीप गेटापासून न्हाई तर हायवेपासून आनू. शेखरचं प्रकरण पुन्हा उघडलं आहे. त्यात त्या जुन्या कागदाचा लेखक कोण, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

काल मॅडमनी मला बोलावलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. वरून त्यांनाही बरंच ऐकावं लागलं असणार. म्हणाल्या, "मला न दाखवता शिक्का मारलात. तुम्हाला नोटीस द्यावी लागेल." मग खालच्या मानेने म्हणाल्या, "तुम्हीच टाइप करून आणा. मराठी तुमचं चांगलं आहे."

मी केली. शब्द शोधावा लागला नाही. सोबत नमुना जोडला, तोच, सहा कोऱ्या ओळींचा, आणि शेवटी तो माझ्याच पुढ्यात आला.

आज सकाळपासून मी तो घेऊन बसलो आहे. दुसरी प्रत काढून ठेवली आहे, पोच घ्यायला. सहा ओळी पुरणार नाहीत हे दिसतंच आहे, मागचं पान लागेल. सगळ्यात वर तारीख घातली. मॅडमना वाटेल, घाईत चुकली. चुकलेली नाही. शेखरची बोटं गेली त्या दिवसाची आहे.